खड्ड्यात पाणी ओतूनही फ्रिज करंट मारतोच? जुन्या घरातलं अर्थिंग कडीकडीने तपासा

"परत मारतोय गं हा," फ्रिजच्या दांडीवरचा हात झटकन मागे घेत आई म्हणाली, आणि यंदाही तेच सुरू झालं हे मला कळलं. आमच्या जुन्या घरात हा क्रम तीन वर्षं ठरलेला होता. माती सुकायला लागली की फ्रिजला हात लावल्यावर बोटांना मुंग्या येणार. वायरमन येणार, टेस्टर लावून बघणार, घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतणार आणि म्हणणार, "ताई, खड्डा सुकला होता. आता लावून बघा हात." हात लावला तर मुंग्या खरंच गेलेल्या असायच्या. काही आठवड्यांनी परत यायच्या.

तिसऱ्या वर्षी मी पाणी ओतू दिलं नाही. एका अनुभवी वायरमन काकांना बोलावलं आणि फ्रिजच्या सॉकेटपासून जमिनीपर्यंतची अर्थची वायर आम्ही सांध्यासांध्याला उघडून बघितली. ती त्या खड्ड्यापर्यंत पोचतच नव्हती. स्वयंपाकघर मागाहून वाढवलेलं. त्या वेळी तिथल्या सॉकेटांची अर्थची वायर बाहेरच्या लोखंडी पाण्याच्या पाइपाला पट्टी आवळून जोडली होती. पुढे नळाचं काम निघालं, लोखंडी पाइप जाऊन प्लास्टिकचा आला, आणि जमिनीत हातभर लोखंडी तुकडा तेवढा मागे राहिला. तो नेमका खड्ड्याच्या शेजारी होता. खड्ड्यात पाणी ओतलं की शेजारची माती ओली व्हायची, त्या तुकड्याला जमिनीचा थोडाफार स्पर्श मिळायचा आणि मुंग्या थांबायच्या. माती सुकून पाइपापासून सुटली की पुन्हा सुरू. तीन वर्षं आमच्या स्वयंपाकघराला अर्थिंग असं नव्हतंच, आणि ते आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तक्रार पुन्हापुन्हा येत असेल तर खड्ड्याकडे धावू नका. अर्थिंग ही साखळी आहे: उपकरणाचं धातूचं अंग, प्लगची पिन, सॉकेट, भिंतीतली वायर, जंक्शन बॉक्समधला पीळ, डीबीतली (घराच्या मुख्य वीजपेटीतली) अर्थची पट्टी, तिथून बाहेर जाणारी जाड वायर, जमिनीत गाडलेल्या रॉडवरचा क्लॅम्प आणि मग जमीन. खड्डा ही शेवटची कडी. आधीची एक जरी कडी सुटलेली असेल तरी कितीही मीठ ओता, फ्रिजला त्याचा उपयोग नाही.

आधी ठरवा: मुंग्या की झटका

पुढचं सगळं नुसत्या मुंग्यांसाठी आहे. हात झटकला जाईल असा शॉक बसत असेल, नळाला किंवा शॉवरला हात लावल्यावर करंट लागत असेल, किंवा कालपर्यंत ठीक असलेल्या तीन-चार वस्तू आज एकदम मारायला लागल्या असतील, तर मेन स्विच बंद करा आणि वायरमन येईपर्यंत चालू करू नका. काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद झाले असतील तर पुरवठ्याचा न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, तुटल्याची शक्यता असते. तेव्हाही हेच करायचं, आणि वीजपुरवठा कंपनीला कळवायचं.

आकडे लक्षात असू द्या. साधारण अर्धा मिलिअँपिअर करंट शरीरातून गेला की तो जाणवायला लागतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३०च्या पुढचा करंट छातीतून जात राहिला तर हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. मुंग्या आणि मृत्यू यांच्यात एवढंच अंतर आहे, आणि ओले हात आणि अनवाणी पाय ते आणखी कमी करतात. म्हणून "थोड्याच मुंग्या येतात, चालतं" हे वाक्य घरात कुणी म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

एक अपवाद सांगते. चार्जरला दोनच पिना असतील आणि त्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर तो दुहेरी इन्सुलेशनचा आहे. त्याला अर्थ लागत नाही. अशा चार्जरवर लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवरून बोट फिरवताना खरखरीत लागतं, तो घराच्या अर्थिंगचा दोष नव्हे.

मुंग्या येतात कुठून

फ्रिज खराब नसतानाही मुंग्या येऊ शकतात, आणि हे अनेकांना पटत नाही. आजच्या बहुतेक उपकरणांत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं आणि त्याच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेजपासून (वीज आणणाऱ्या वायरीपासून) आणि न्यूट्रलपासून उपकरणाच्या अंगाला जोडलेले असतात. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर ४.७ नॅनोफॅरडच्या अशा एका कपॅसिटरमधून जास्तीत जास्त सुमारे ०.३४ मिलिअँपिअर करंट अंगाकडे येतो. अर्थची वायर धड असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. वायर तुटलेली असेल तर त्याला जायला जागा नसते, अंगावर शंभरेक व्होल्ट दिसतात, आणि तुम्ही हात लावला की तो तुमच्यातून जातो.

एका उपकरणाचा गळणारा करंट कदाचित जाणवणारही नाही. पण एका ओळीवरच्या, म्हणजे एका सर्किटवरच्या, सगळ्या सॉकेटांच्या अर्थच्या पिना आपसात जोडलेल्या असतात. ती ओळ जमिनीपासून तुटली तर फ्रिज, ओव्हन, वॉशिंग मशीन या सगळ्यांचा गळणारा करंट एकत्र होतो आणि ज्याला हात लागेल तिथून बाहेर पडतो. आमच्याकडे सगळे फ्रिजला दोष देत होते, आणि मारत होतं ते सगळ्या ओळीचं मिळून.

यातली भयंकर गोष्ट पुढे आहे. त्याच तुटलेल्या ओळीवर एखाद्या गीझरचं एलिमेंट फुटलं आणि फेज थेट त्याच्या अंगाला लागला, तर अर्थच्या त्याच वायरीतून पूर्ण २३० व्होल्ट तुमच्या निर्दोष फ्रिजच्या दांडीपर्यंत येतात. तुटलेली अर्थवायर नसलेल्या अर्थवायरीपेक्षा वाईट, कारण ती एका वस्तूचा दोष दुसऱ्या वस्तूत नेऊन ठेवते.

हत्यार उचलण्याआधी डोळ्यांनी बघा

पहिला प्रश्न: तुमच्या घराला जमीन कुठून मिळते? डीबी किंवा मेन बोर्डाजवळ जाऊन जाड अर्थवायर शोधा आणि ती जाते कुठे ते डोळ्यांनी बघत जा. काही ठिकाणी पुरवठा कंपनीच केबलबरोबर अर्थचं टर्मिनल देते. काही ठिकाणी घराचा स्वतःचा रॉड किंवा खड्डा असतो. इमारतीत जिन्याच्या बाजूने वर आलेली सामाईक पट्टी असते. आणि जुन्या घरांत चौथा प्रकार हमखास सापडतो, तो पाण्याच्या पाइपाचा. पाइपाला वायर बांधलेली दिसली तर तो पाइप जमिनीत शिरेपर्यंत लोखंडीच आहे का ते बघा. मध्ये एक वीतभर जरी प्लास्टिक असेल तरी अर्थिंग तिथेच संपलं. गॅसच्या पाइपाला अर्थिंगसाठी वायर बांधलेली दिसली तर वायरमनला बोलावून ती तातडीने सोडवून घ्या आणि त्या जागी खरं अर्थिंग द्या.

खूप जुन्या घरांत लोखंडी पाइपातून वायरिंग केलेलं असतं आणि तो पाइपच अर्थचं काम करायचा. वीस-तीस सांधे, प्रत्येकावर गंज आणि रंगाचे थर. त्याच्यावर विसंबू नका, वेगळी वायर ओढायची असं आत्ताच मनात ठरवून टाका.

मग प्लग बघा. अनेक प्रकारच्या थ्री-पिन प्लगमध्ये अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग खोचताना अर्थ सर्वांत आधी लागतो आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतो. ती पिन कापून टू-पिनमध्ये बसवलेली असेल, किंवा मध्ये टू-पिनचा जोड लावलेला असेल, तर शोध तिथेच संपला.

मल्टिमीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

चालू सॉकेटवर मोजमाप करायची सवय नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या, आणि शेजारी उभं राहून आकडे लिहून घ्या. टोकांचं प्लास्टिक फाटलेल्या वायरी वापरायच्या नाहीत.

सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायची. फेज ते न्यूट्रल समजा २३० आलं. फेज ते अर्थ त्याच्या जवळपास यायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ थोडेसेच व्होल्ट. फेज-अर्थ १००-१५० आणि न्यूट्रल-अर्थही तसंच मोठं येत असेल, किंवा आकडा स्थिर न राहता नुसता भटकत असेल, तर अर्थ लटकलेला आहे. आमच्या फ्रिजच्या सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ ९२ व्होल्ट होते. शेजारच्या वस्तूंचे प्लग एकेक करून काढले तसा आकडा बदलत गेला, आणि तेव्हाच कळलं की ही सगळी ओळ हवेत आहे.

पण आकडे बरोबर आले म्हणून अर्थिंग चांगलं आहे असं समजू नका. डिजिटल मल्टिमीटरच्या आत साधारण १० मेगाओहमचा रोध (रेझिस्टन्स) असतो. अर्थच्या मार्गात १०,००० ओहमचा कुजलेला सांधा असला तरी मीटर २२९.८ व्होल्ट दाखवेल. त्या सांध्यातून कामाचा करंट जाणारच नाही, पण मीटरला ते कळत नाही. व्होल्टेज मोजून अर्थिंग वाईट आहे हे सिद्ध होतं, चांगलं आहे हे कधीच होत नाही. निऑनचा टेस्टर तर त्याहून भोळा. तो शरीरातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म करंटवर लुकलुकतो.

फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघायची पद्धतही अजून चालते. ती मी घरात करू देत नाही. अर्थ तुटलेला असेल तर त्या बल्बमधून फेज थेट सगळ्या उपकरणांच्या अंगांवर जातो, आणि त्याच वेळी कुणी फ्रिज उघडायला गेलं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय निकालही फसवा. १०० वॅटच्या बल्बचा तापल्यावरचा रोध ५२९ ओहम. मार्गात ५० ओहम असले तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो.

मग खात्री कशी करायची? मेन बंद करून. मेन बंद, प्लग सगळे काढलेले, आणि वीज खरंच गेली आहे हे मीटरने तपासलेलं. मग एक लांब वायर घ्यायची, तिचं एक टोक डीबीतल्या अर्थच्या पट्टीला चिमट्याने लावायचं आणि दुसरं टोक मीटरच्या एका वायरीला. मीटर ओहमवर ठेवून आधी त्या लांब वायरीचा स्वतःचा रोध मोजून घ्यायचा, आणि नंतर प्रत्येक सॉकेटच्या अर्थच्या भोकात मीटरची दुसरी वायर लावून आलेल्या आकड्यातून तो वजा करायचा. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला ७.४ मिलिओहम, म्हणजे २० मीटरला जेमतेम ०.१५ ओहम. एक ओहमच्या आत आलं तर ठीक. तीन-चार आले तर कुठेतरी सांधा सैल आहे. मीटरवर आकडाच न येता "OL" किंवा अमर्याद दिसलं तर वायर तुटली आहे किंवा कधी जोडलेलीच नव्हती.

वायरमनकडे किमान २०० मिलिअँपिअर सोडणारा कंटिन्युइटी टेस्टर असेल तर तोच वापरायला सांगा. एका तंतूवर लटकलेली वायर साध्या मीटरला चांगली वाटते, कारण मीटर तिच्यातून फारच कमी करंट पाठवतो.

आमच्या घरात या फेरीत आणखी एक दोष सापडला. बैठकीच्या खोलीतलं कोपऱ्यातलं सॉकेट ११ ओहम दाखवत होतं. काकांनी बोर्ड उघडला. अर्थच्या दोन वायरी नुसत्या एकमेकींना पिळलेल्या, वर कापडी टेपची गुंडाळी. टेप सोलताना ती चिकट काळी होऊन बोटांना लागत होती, आणि आतलं तांबं हिरवट-काळं पडलेलं. काकांनी दोन बोटांनी हलकेच ओढलं तसा पीळ सुटूनच आला. त्या सॉकेटवर आमचा कॉम्प्युटर होता.

खोटं अर्थिंग

यासाठी मला सगळ्यात जास्त जागा द्यावीशी वाटते, कारण वरच्या साध्या व्होल्टेजच्या चाचणीत हे पास होतं. अर्थची वायर नाही, पण गिऱ्हाईक म्हणतं मुंग्या थांबवा. मग सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये दोन इंचांचा तुकडा जोडला जातो. मुंग्या लगेच थांबतात. फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ शून्य. सगळं सुंदर दिसतं.

आता त्या सॉकेटकडे येणारा न्यूट्रल कुठे सैल होऊन सुटला असं धरा. फेज उपकरणाच्या आतून न्यूट्रलवर येतो, तिथून त्या तुकड्यातून अर्थच्या पिनवर आणि पिनवरून उपकरणाच्या अंगावर. उपकरण बंद पडतं, पण त्याचं पत्र्याचं अंग पूर्ण २३० व्होल्टवर जाऊन बसतं. आणि उपकरण का बंद पडलं हे बघायला माणूस सर्वांत आधी त्याच पत्र्याला हात लावतो.

ओळखायची युक्ती अशी. त्या सॉकेटवर इस्त्री किंवा हीटरसारखा मोठा भार चालू करा आणि शेजारच्या, त्याच ओळीवरच्या सॉकेटात न्यूट्रल ते अर्थ मोजा. भार चालू असताना न्यूट्रलच्या वायरीत थोडा व्होल्टेज पडतोच, म्हणून खऱ्या अर्थिंगमध्ये आकडा एक-दोन व्होल्ट वर सरकतो. भार लावूनही तो ठार ०.० राहिला तर संशय घ्या, मेन बंद करा आणि सॉकेट उघडून बघा. नुसतं बघायला पाच मिनिटं लागतात. जुनं घर विकत किंवा भाड्याने घेतलं असेल तर निदान स्वयंपाकघर आणि न्हाणीघराची सॉकेटं तरी उघडून बघाच.

खड्डा: आकडा मोजल्याशिवाय हात लावू नका

मार्ग डीबीपर्यंत धड निघाला, मगच रॉडकडे जायचं. आधी क्लॅम्प बघा. चेंबरचं झाकण काढलं की बहुतेक वेळा रोग समोरच असतो: गंजलेला नट, पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड, हाताने हलणारी वायर. आवळून, घासून, नवा क्लॅम्प लावून काम होतं का ते आधी बघा.

रॉडचा जमिनीशी रोध मोजायला अर्थ टेस्टर लागतो. मेन बंद करून रॉड घराच्या वायरिंगपासून सोडवतात, जमिनीत दूर दोन छोट्या सळया ठोकतात, बाहेरच्या सळईतून करंट सोडतात आणि मधल्या सळईवर व्होल्टेज मोजतात. मधली सळई एकूण अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर असते. ती थोडी पुढेमागे करूनही आकडा तोच आला तर माप खरं. रॉड सुटलेला असताना मेन चालू करायचा नाही, आणि वायर परत जोडल्याशिवाय वायरमनला जाऊ द्यायचं नाही. शक्यतो माती सर्वांत कोरडी असते तेव्हा मोजा. ओल्या मातीतला छान आकडा उपयोगाचा नाही.

आकडा जास्त आला तर बहुतेकांना जाड रॉड घ्यावासा वाटतो. प्रत्यक्षात काम करते ती खोली. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या मातीत १६ मिलिमीटर जाडीचा दीड मीटर रॉड सुमारे ६० ओहम देतो. तोच तीन मीटर खोल घातला तर साधारण ३४. पण तीन मीटरच्या रॉडची जाडी दुप्पट केली तर ३४चे फक्त ३० होतात. खोल गेलं की बारमाही ओल्या मातीत पोचतो, हा फायदा वेगळाच. खाली खडक लागत असेल तर दुसरा रॉड घाला, पण पहिल्यापासून निदान रॉडच्या लांबीइतका, जमल्यास दुप्पट दूर. जवळजवळ ठोकलेले दोन रॉड एकाच मातीवर हक्क सांगतात आणि दोघांचं मिळून फारसं काही होत नाही.

मिठाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. मीठ रोध कमी करतं हे खरं, पण पाण्याबरोबर ते वाहून जातं, म्हणून दरवर्षी पुन्हा घालावं लागतं, आणि तेवढ्या काळात खड्ड्यातला लोखंडी पाइप खाऊन टाकतं. ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती रॉडभोवती भरणं जास्त टिकाऊ.

आणि वॉशिंग मशीनसाठी वेगळी सळई ठोकून तिची वायर परस्पर मशीनला जोडू नका. घरात दोन वेगवेगळी अर्थिंग असली की बिघाडाच्या वेळी एका हाताखाली एक व्होल्टेज आणि दुसऱ्या हाताखाली दुसरं. जेवढे रॉड आहेत तेवढे सगळे डीबीतल्या एकाच पट्टीवर आले पाहिजेत. घरात शिरणारे धातूचे पाण्याचे आणि गॅसचे पाइपही त्या पट्टीला किमान ६ चौरस मिलिमीटर तांब्याने बांधतात. पाइप अर्थिंग म्हणून वापरणं चूक, पण पाइप अर्थिंगला बांधणं बरोबर. हे दोन्ही ऐकायला सारखं वाटतं म्हणून मुद्दाम सांगते.

पाच ओहमचा खड्डाही एकटा वाचवत नाही

समजा तुमचा रॉड फार चांगला आहे, ५ ओहम. फेज फ्रिजच्या अंगाला लागला. करंट जास्तीत जास्त २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. आता १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात, बी प्रकारचा असला तरी ४८ ते ८०. म्हणजे एमसीबी लगेच पडत नाही. तापून पडायला काही सेकंद, कधी मिनिटभरही लागू शकतं, आणि तोवर फ्रिजचं अंग जिवंत असतं. ५० ओहमच्या रॉडवर तर ४.६ अँपिअर जातील. एमसीबीला पत्ताही लागणार नाही, नुसतं बिल वाढेल.

पुरवठा कंपनी केबलमधून अर्थ देते तिथे परतीचा मार्ग तांब्या-ॲल्युमिनियमचा असतो, त्यामुळे करंट शेकड्यांत जातो आणि एमसीबी पडतो. स्वतःच्या रॉडवर असलेल्या घरात मात्र आरसीसीबीला पर्याय नाही. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून आलेला करंट तो सतत जुळवून बघतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो, फरक पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. उपकरणाच्या अंगावर ५० व्होल्टपेक्षा जास्त राहू नये एवढ्यासाठी गणिताने (५० भागिले ०.०३) १,६६७ ओहमचा रॉडही चालतो. मी तेवढ्यावर समाधान मानणार नाही. कोरड्या दिवसात १०० ओहमच्या बरंच खाली असावं, कारण रॉड कुजतात, माती सुकते.

आरसीसीबी आहे म्हणून अर्थवायर नको असंही नाही. अर्थ नसेल तर बिघाड झाला तरी करंटला वाट नसते, म्हणून आरसीसीबी गप्प राहतो आणि पहिली वाट मिळते ती तुमच्या हातातून. तो तेव्हा तोडेल, पण झटका बसल्यावर. अर्थ असेल तर कुणी हात लावायच्या आधीच तोडतो.

टेस्टचं बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो म्हणजे अर्थिंग चांगलं आहे, हा गैरसमज मी सुशिक्षित घरांतही ऐकला आहे. ते बटण फक्त आरसीसीबीचीच यंत्रणा तपासतं. बाहेरची अर्थवायर कापून टाकली तरी बटणावर तो पडेल. अधूनमधून दाबाच, पण काय तपासतो आहोत हे ठाऊक ठेवून.

जुन्या बोर्डावर ईएलसीबी लिहिलेला डबा असेल आणि अर्थची वायर त्याच्या आत जाऊन बाहेर येत असेल, तर तो व्होल्टेजवर चालणारा जुना प्रकार आहे. अर्थला दुसरी वाट मिळाली की तो आंधळा होतो. बदलून टाका. नवा आरसीसीबी घेताना इन्व्हर्टर मोटरची वॉशिंग मशीनसारखी उपकरणं असतील तर ए प्रकारचा मागा, एसी प्रकारचा आरसीसीबी काही विशिष्ट दोष ओळखू शकत नाही.

बदल केला, आता आरसीसीबी सारखा पडतो

हे होणार असं धरून चाला. जुन्या वायरिंगमधल्या इतक्या वर्षांच्या चुका आता बोलायला लागतात. आमच्याकडे जिन्यातला दिवा लावला की स्वयंपाकघराचा आरसीसीबी पडायचा. दिव्याचा फेज स्वयंपाकघराच्या ओळीवरून घेतलेला आणि न्यूट्रल जवळ होता म्हणून बाहेरच्या खोलीच्या ओळीतून. दिव्याचा सगळा करंट आरसीसीबीला हरवलेला दिसायचा. न्यूट्रल योग्य ओळीवर नेला, थांबलं. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे वर सांगितलेला न्यूट्रल-अर्थचा तुकडा कुठल्यातरी सॉकेटात राहून जाणं.

ठराविक उपकरण लावल्यावरच पडत असेल तर दोष उपकरणात आहे. गीझरचं एलिमेंट आणि फ्रिजचा बर्फ वितळवणारा हीटर हे पहिले संशयित. काहीही न लावता पडत असेल तर वायरिंगचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्या. एक मेगाओहमच्या खाली असेल तर ती ओळ बदलायला आली. मेगर लावण्याआधी सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं काढून ठेवा.

या टप्प्यावर वैतागून आरसीसीबी काढून सरळ जोडणारी घरं असतात. कृपा करून तसं करू नका. तो पडतो आहे म्हणजे ज्या दोषाबरोबर तुम्ही इतकी वर्षं राहत होतात तो सापडला आहे.

आमच्याकडे शेवटी केलं ते एवढं. स्वयंपाकघराच्या ओळीसाठी पाइपातून स्प्रिंग घालून नवी हिरवी-पिवळी २.५ची वायर थेट डीबीपर्यंत ओढली. अर्थची वायर फेजच्या जाडीचीच घ्यायची, १६ चौरस मिलिमीटरपर्यंत हा नियम सरळ आहे. पीळ मारलेले सगळे सांधे काढून कनेक्टर बसवले. खड्ड्यातला खाल्लेला पाइप सोडून शेजारी तीन मीटरचा तांबं चढवलेला रॉड घातला. पाण्याच्या पाइपावरची जुनी पट्टी काढली. ती आवळायचा स्क्रू इतका गंजला होता की पाना लावल्यावर त्याचं डोकंच तुटून हातात आलं.

डीबीच्या दाराच्या आत आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारीख, रॉडचा रोध २१ ओहम, प्रत्येक सॉकेटचा अर्थपर्यंतचा रोध, आणि आरसीसीबी कधी तपासला ते. दरवर्षी माती पूर्ण सुकली की काका येऊन रॉडचा आकडा घेतात, क्लॅम्प आवळून बघतात आणि त्याच कागदावर नवी ओळ लिहितात. पहिल्या वर्षी कोरड्यात २४ आला, दुसऱ्या वर्षी २३. आई फ्रिज ओल्या हाताने उघडते, अजूनही, आणि मी अजूनही तिला हात पुसायला सांगते.